फिरण्यातून की पडण्यातून

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. आकाशातलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. माझ्या नातीने मला जे सांगितलं आणि माझ्या हातांना जे आधीपासून माहीत होतं, तेवढंच इथे लिहिते. शिकलेल्या माणसाला यात चूक सापडली तर ती माझी समजावी, तिची नाही.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या अंगाला आमची इमारत आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर मी आणि मुलगी राहतो. जावई नोकरीसाठी आखातात असतो. नात पुण्याला एका संस्थेत पीएचडी करते आणि तिथल्याच होस्टेलवर राहते. त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर, कुठलीही सुट्टी नसताना, ती दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, कमिटीपुढे पडले.

या लोकांचं असं असतं की दर वर्षी तीन-चार मोठी माणसं समोर बसतात आणि वर्षभर काय केलंस ते विचारतात. त्यांना पटलं तर पुढे चालू, नाही पटलं तर घरी. हिच्या कमिटीने अडीच महिन्यांनी परत ये म्हणून सांगितलं होतं. तेव्हाही उत्तर देता आलं नाही तर जागा जाणार, पाच वर्षांच्या कामातली तीन पाण्यात जाणार. मुलगी बँकेत आहे, तिला हवेत लोंबकळलेलं काही चालत नाही. तिने चार दिवसांत मीरा रोडच्या एका कोचिंग क्लासमध्ये बोलून ठेवलं. बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचं, नवीन बॅच सुरू होण्याआधी हो की नाही ते कळवायचं. मी कुणाच्याच बाजूने बोलले नाही. क्लासमध्ये शिकवणं हे काही वाईट काम नाही. पण पोरीचं तोंड बघून हेही कळत होतं की ती तिथे गेली तर सुटकेने जाईल, आवडीने नाही.

पहिले तीन दिवस ती पलंगावर पडून होती. उत्तनहून एक कोळीण आमच्या इमारतीत मासे घेऊन येते, ख्रिश्चन आहे, माझ्याच वयाची. तिने टोपली उतरवता उतरवता आत डोकावून विचारलं, "पोर आजारी हाय काय?"

मी म्हटलं, "नाही. नापास झालीय."

"मंग पुना बसंल. तिला कुपं खायाला घाल, बोंबलावर अक्कल न्हाय येत."

आतून नात हसल्यासारखी वाटली. कुपं म्हणजे मोठा ट्यूना मासा, तो मी घेतला नाही, बोंबीलच घेतले. पण चौथ्या दिवशी तिला उठवलं आणि समोर मोड आलेले वाल ठेवले. डाळिंब्या सोलताना माणसाला बोलावंच लागतं, नाहीतर वेळ जात नाही.

मी विचारलं, "तू तीन वर्षं करतेस तरी काय ते मला सांग. मला कळलं नाही तर तुलाही कळलेलं नाही असं मी समजेन."

तिला राग आला, पण तिने सांगायला सुरुवात केली. कृष्णविवर म्हणजे आकाशातला एक फार जड गोळा. त्यात जे पडतं ते परत बाहेर येत नाही, उजेडसुद्धा नाही. मी म्हटलं, मग त्यातून तू काय काढणार, कपाळ? ती म्हणाली, आतलं काही काढायचंच नाही. तो गोळा स्वतःभोवती फिरतो, आणि फिरताना आजूबाजूच्या जागेलाही ओढत नेतो. घट्ट पिठल्यात पळी फिरवली की कडेचं पिठलंही तिच्यामागून सरकतं, तसं. मी म्हटलं, पिठलं ही वस्तू आहे, रिकामी जागा ही वस्तू नाही, ती कशी ओढली जाईल? ती म्हणाली, आजी, तीपण वस्तूसारखीच आहे, इथेच सगळे अडतात. मला ते पटलं नाही, अजूनही नीटसं पटलेलं नाही. पण हातातले वाल संपायचे होते, म्हणून पुढे ऐकलं.

त्या गोळ्याभोवती तापलेला वायू घिरट्या घालत असतो आणि हळूहळू आत पडत असतो. त्या वायूबरोबर लोहचुंबकाची ओढ असते, तिला हे लोक रेषांनी दाखवतात. वायू आत जाताना या रेषा गोळ्याला चिकटल्यासारख्या होतात. गोळा फिरतो, जागा फिरते, रेषांना पीळ पडतो, ओली चादर पिळतो तसा. पिळलेल्या रेषा वरच्या आणि खालच्या बाजूने झोत सोडतात. हा झोत इतका लांब की उजेडालासुद्धा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला हजारो वर्षं लागतात. आणि जेवढी शक्ती झोतातून जाते तेवढा गोळा मंदावतो.

माझा हात थांबला. मी म्हटलं, "म्हणजे लोड घेतला."

"काय?"

"फिरणाऱ्या वस्तूवरून करंट काढला की ती जड होते. लोड येतो तिच्यावर. यात एवढं काय आहे?"

इथे माझं सांगायला हवं. मी सव्वीस वर्षं भाईंदरच्याच एका गाळ्यात मोटरी भरल्या. गाड्यांच्या रेडिएटरसमोर जो पंखा असतो त्याच्या छोट्या मोटरी. जळलेली मोटर यायची, आम्ही बायका जुनी तार कापून काढायचो आणि आर्मेचरवर नवी तार भरायचो. आर्मेचर म्हणजे मोटरच्या पोटात फिरतो तो भाग, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कायमचे लोहचुंबक बसवलेले असतात. मोटर जोडून झाली की वीज लावायच्या आधी शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, हाताने फिरवून बघायचा, हा आमच्या मिस्त्रीचा नियम होता. हलका फिरला तर मोटर चांगली. मग मोटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवायच्या आणि परत फिरवायचा. आता तो जड लागला पाहिजे, कारण फिरवणाऱ्या हाताचीच शक्ती करंट होऊन तारेतून पळते. वायरी सोडल्या की परत हलका.

नातीने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरोबर आहे, पण कमिटीत मी यावर अडले नाही. एका म्हाताऱ्या प्रोफेसरने वेगळंच विचारलं. वायू आत पडतो तेव्हासुद्धा शक्ती सुटते, उंचावरून पाणी पडल्यावर सुटते तशी. मग हा झोत गोळ्याच्या फिरण्यातून निघाला की वायूच्या पडण्यातून, हे तू कशावरून ओळखलंस? हिने फळ्यावर वीस मिनिटं गणितं लिहिली. तो म्हणाला, गणित मी वाचलंय. तुझ्या कामात हे कुठे दिसतं ते दाखव. हिला दाखवता आलं नाही.

मी म्हटलं, बाकीचे वाल उद्या सोलू, चप्पल घाल.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक भंगारवाला आहे. उत्तर प्रदेशचा, बोलायला गोड आणि वस्तू सोडायला चिवट. मी त्याच्याशी हिंदीत बोलते, तो माझ्याशी मराठीत, त्यामुळे दोघांचीही भाषा बिघडलेली आहे. मी त्याच्या ढिगातून पंख्याच्या तीन मोटरी उपसल्या, दोन घेतल्या. त्याने विचारलं, माताजी, पंखा बनवणार काय? मी सांगितलं, नहीं, इसकी परीक्षा है. त्याने नातीकडे बघून मान हलवली, जणू त्याला सगळं कळलं.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरला. पहिली मोटर चांगली होती. नातीने शाफ्ट फिरवला, हलका. वायरी टेकवल्या, जड. तिने हे पाच-सहा वेळा केलं. पुस्तकात तिने हे शंभरदा वाचलं असणार, पण तिच्या बोटांना ते पहिल्यांदाच कळत होतं. म्हणाली, "आजी, हा खरंच मागे ओढतोय."

मग तिला दुसरी गोष्ट सांगितली, आणि खरं काम त्याच गोष्टीचं होतं. कधी कधी वायरी मोकळ्या असतानाही मोटर जड फिरते. त्याची दोन कारणं असतात. एक, शाफ्ट ज्या पितळी बुशमध्ये फिरतो तो बुश सुकला किंवा घासला. दुसरं, आत तारेला तार लागून शॉर्ट झालंय, म्हणजे करंट आतल्या आतच फिरतो. बुश बदलायला थोडा वेळ पुरतो, शॉर्ट असेल तर सगळी तार कापून नव्याने भरायची. गाळ्यात नवीन आलेली बाई जड मोटर दिसली की बुश बदलून मोकळी व्हायची आणि मोटर आठ दिवसांत जळून परत यायची. म्हणून मिस्त्रीने शिकवलं होतं, आधी अगदी हळू फिरव, मग जोरात फिरव. बुश घासत असेल तर हळूलाही तेवढंच अडतं आणि जोरातही तेवढंच. शॉर्ट असेल तर हळू फिरवताना काहीच लागत नाही, वेग वाढवला की जड होत जातं. लोहचुंबकाची ओढ फिरण्यातून येते. फिरणं नाही तर ओढ नाही.

मी दुसरी मोटर हातात घेतली. वायरी मोकळ्या, तरी शाफ्ट जड. एकदा जोरात फिरवला आणि सांगितलं, शॉर्ट आहे, सगळी तार जाणार. सव्वीस वर्षांचा हात आहे, मला दोनदा बघावं लागत नाही.

नातीने माझ्या हातातून मोटर घेतली. शाफ्ट दोन बोटांत धरून गोगलगाईसारखा फिरवला. परत फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हळू फिरवला तरी तेवढाच जड आहे."

मी परत घेऊन बघितलं. खरं होतं. बुश सुकला होता. या खाडीच्या हवेत भंगारात पडून पितळ सुकलं होतं आणि तारेला काहीच झालेलं नव्हतं. मी जोरात एकदाच फिरवला होता, हळू फिरवायचा कंटाळा केला होता. नवीन बायकांना ज्या चुकीवरून मी बोल लावायची तीच चूक मी उलट्या बाजूने केली होती. बुशमध्ये शिवणाच्या मशीनचं तेल सोडलं, थोड्या वेळाने शाफ्ट सुटला.

नात हसत होती. मी म्हटलं, हसून घे, चूक झाली. मग तिचं हसणं मध्येच थांबलं. ती खुर्चीवर बसली आणि तोच शाफ्ट आधी हळू, मग जोरात फिरवून बघितला. मला वाटलं, आता रडणार.

ती म्हणाली, "मीपण एकाच वेगाला बघितलंय."

तिचं काम काय होतं ते मला तेव्हा नीट कळलं. खऱ्या कृष्णविवरापर्यंत कुणी जाऊ शकत नाही. हे लोक कॉम्प्युटरमध्ये खोटं बनवतात, त्यात वायू सोडतात, लोहचुंबकाच्या रेषा सोडतात आणि काय होतं ते बघत बसतात. एका वेळेला कित्येक दिवस लागतात, संस्थेचा मोठा कॉम्प्युटर सगळ्यांनी वाटून वापरायचा असतो, नंबर लावावा लागतो. म्हणून हिने सगळी कामं सगळ्यात जोरात फिरणाऱ्या गोळ्यावर केली होती. त्यात झोत छान दिसतो, चित्रं चांगली येतात. कमी वेगाचा गोळा तिने घेतलाच नव्हता.

मी विचारलं, आणि अजिबात न फिरणारा?

म्हणाली, त्यात बघण्यासारखं काय आहे?

मी म्हटलं, "झोत पडण्यातून निघत असेल तर न फिरणाऱ्यातही निघेल. वायू तर तिथेही पडतोच ना? मग तो म्हातारा बरोबर आणि तू चूक. कळायला दुसरा मार्ग आहे का?"

तिचा चेहरा उतरला. कारण तिला हेही दिसलं की उत्तर तिच्या विरुद्ध जाऊ शकतं. न फिरणाऱ्या गोळ्यातून तसाच झोत निघाला तर तीन वर्षं ज्या गोष्टीवर घालवली तीच खोटी ठरणार. कमिटीपुढे न जाता क्लासमध्ये शिकवायला गेलं तर निदान हे कुणाला कळणार नाही, असं ती मला म्हणाली. मोठ्याने म्हणाली नाही, पण म्हणाली.

मी तिला धीर वगैरे दिला नाही. आमच्या गाळ्यात वाईट मोटर चांगली म्हणून पुढे पाठवली तर ती कुणाच्या तरी गाडीत, घोडबंदरच्या चढावर बंद पडायची, हे मला माहीत आहे. एवढंच सांगितलं, तुला बघायचं नसेल तर ठीक, पण मग तुला खरं ठाऊक नाही हे तुला आयुष्यभर ठाऊक राहील.

दुसऱ्या दिवशी तिने पुण्याला तिच्या गाईड मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हे आधीच करायला हवं होतं, आणि मीही सांगायला हवं होतं. त्यांनी कॉम्प्युटरवर नंबर लावून दिला. चार वेग ठरले. अजिबात न फिरणारा, कमी, त्याच्या दुप्पट, आणि जोरातला तर तिच्याकडे होताच. ती इथूनच लॅपटॉपवर बघायची. मुलीला हे सगळं लांबण लावल्यासारखं वाटत होतं. आई, तू तिला उगाच नादी लावतेयस, असं ती मला दोनदा म्हणाली. क्लासवाल्यांचा फोन आला तेव्हा मात्र तिने स्वतःच आणखी थोडे दिवस मागून घेतले, आणि आम्हाला सांगितलं नाही. ते मला नंतर कळलं.

मी एकदा नातीला विचारलं, यातून कधी आपले दिवे लागतील का? म्हणाली, नाही. मी म्हटलं, तुझ्या नातवंडांच्या वेळेला? म्हणाली, त्यांच्याही नाही. जवळचं कृष्णविवरही फार लांब आहे. मी म्हटलं, मग कशाला? तिने विचार केला आणि म्हणाली, एवढा मोठा झोत आकाशात दिसतोय आणि तो कशाच्या जोरावर चाललाय ते माहीत नसणं मला सहन होत नाही. हे उत्तर मला पटलं. गाळ्यात मलाही मोटर का जळली ते कळेपर्यंत करमायचं नाही. नवी तार भरून काम भागत होतं, तरीही.

न फिरणाऱ्याचं उत्तर एका दुपारी आलं. मी भाकऱ्या थापत होते. तिने हाक मारली नाही, स्वतःच स्वयंपाकघरात आली आणि लॅपटॉप माझ्यासमोर धरला. दोन चित्रं होती. एकात मध्ये काळा ठिपका आणि वरखाली लांब पांढरे पट्टे. दुसऱ्यात काळा ठिपका, भोवती तसाच भोवरा, आणि वरखाली नुसता धुरकटपणा.

"वायू तेवढाच पडतोय," ती म्हणाली. "रेषा तेवढ्याच आहेत. थोडा वारा सुटलाय कडेने. झोत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे बुश नाही, शॉर्ट आहे."

ती म्हणाली, "हो." आणि तिथेच ओट्याला टेकून खाली बसली. मी भाकरी उलटली, कारण ती करपत होती.

पुढचे दोन वेगही आले. कमी वेगाला बारीक झोत, त्याच्या दुप्पट वेगाला झोत दुप्पट नाही, जवळजवळ चौपट. तिने मला ते आलेखाच्या रेघेवर दाखवलं. सगळ्यात जोरातला गोळा त्याहीपेक्षा थोडा जास्त देत होता, ते का याचं कारण तिला सांगता आलं, मला सांगता येत नाही. तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला आवडली. गोळ्याच्या एकूण ऐवजापैकी चौथ्या हिश्शाहून थोडं जास्तच यातून काढता येतं, तेही तो कमाल वेगाने फिरत असेल तर. फिरणं संपलं की उरलेलं कधीच कुणाला मिळत नाही.

ती पुण्याला गेली. कमिटीच्या दिवशी मुलीने रजा घेतली होती आणि सकाळपासून ती कपाटं आवरत होती, आवरलेली कपाटंसुद्धा. चारच्या सुमाराला फोन आला. मुलीने तो स्पीकरवर लावला.

नात म्हणाली, त्या म्हाताऱ्या प्रोफेसरने पहिलाच प्रश्न तोच विचारला. तिने फळ्याकडे न जाता चार चित्रं दाखवली, न फिरणाऱ्यापासून सुरुवात केली. तो बराच वेळ दुसऱ्या, म्हणजे कमी वेगाच्या चित्रावर थांबला. मग विचारलं, रेषा पहिल्यात आणि यात सारख्याच आहेत याची खात्री केलीस का? तिने केली होती, आकडे दाखवले. त्याने शाबासकी दिली नाही. कमी वेग आणि मधला वेग यांच्यामध्ये आणखी दोन वेग घे, तिथे रेघ वाकडी दिसतेय, एवढं म्हणाला.

मुलीला यातलं काहीच पोचलं नाही. तिने विचारलं, "म्हणजे ठेवलं का तुला?"

"ठेवलं. पुढच्या वर्षापर्यंत."

मुलगी खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मग उठून तिने क्लासवाल्यांना फोन लावला आणि फार गोड आवाजात नाही म्हणून सांगितलं. मी नातीला म्हटलं, झालं ना, आता दोन दिवस घरी ये, झोप काढ.

ती म्हणाली, "आत्ता नाही येता येणार, आजी. नंबर लावून आलेय. ती रेघ तिथे का वाकलीय ते मलापण कळत नाहीये."